बीपी लपवू नका, डॉक्टरपासून नाही आणि विम्याच्या फॉर्मवरही नाही



आज मी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहे. पुण्यात राहून मी बरीच वर्षं विमा प्रतिनिधीचं काम केलं. माहेर पुरंदर तालुक्यातलं. गावी गेले की बचत गटातल्या बायकांचे फॉर्म मीच भरायचे. माझ्या वहिनीचाही मीच भरला.

वहिनी अंगाने काटकी. शेतात दिवसभर राबणारी. फॉर्म भरायच्या काही महिने आधी गावच्या आरोग्य शिबिरात तिचं बीपी 160/100 निघालं होतं. गोळ्या मिळाल्या, तिने तीन महिने घेतल्या. मग म्हणाली, "आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळी?" आणि बंद केल्या. फॉर्मवर प्रश्न होता, रक्तदाबाचा त्रास आहे का, कधी औषध घेतलं का? ती म्हणाली, "ताई, ते तर बरं झालं." मलाही वाटलं, उगाच फॉर्म अडकायला नको. मी "नाही" लिहिलं. तिने सही केली.

चौदा महिन्यांनी विहिरीवरून येताना ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात दादाने खरं सांगितलं, की बीपी होतं, गोळ्या बंद होत्या. ते केसपेपरवर लिहिलं गेलं. पुढे विमा कंपनीने चौकशी केली, शिबिराचा कागद निघाला आणि दावा नाकारला गेला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. भाचीची बारावी त्याच वर्षी होती. कॉलेजची फी भरायला दादाने दोन शेरडं विकली.

फॉर्मवर "हो" लिहिलं असतं, तर काय झालं असतं? कंपनीने तपासणी सांगितली असती, कदाचित हप्ता थोडा वाढवला असता, कदाचित काही महिने थांबायला सांगितलं असतं. त्या तपासणीत बीपी पुन्हा सापडलं असतं आणि गोळी पुन्हा सुरू झाली असती. मला पैशांपेक्षा हेच जास्त टोचतं.

विमा कंपन्या वजन, उंची आणि बीपी विचारतात, त्यामागे जुना हिशोब आहे. 1959 साली अमेरिकेतल्या विमा गणिततज्ज्ञांनी लाखो पॉलिसींवरून वजन, बीपी आणि आयुष्य यांचा मेळ घातला. बीपी थोडंसं जास्त असलं, तरी माणसं लवकर जातात, हे त्यात दिसलं. वजन फार वाढलेल्यांचंही तसंच.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जाड आहोत? आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज डॉक्टर मित्र, दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं होतं. पण शरीरातली चरबी मोजली, तर इंग्रज डॉक्टरांची 9 टक्के आणि याज्ञिकांची 21 टक्के निघाली. 2004 साली दोघांनी हे आपल्या फोटोसकट छापलं. त्याआधी 1993 पासून याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. तरीही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी. म्हणून आपल्याकडे काट्यासोबत टेपही हवी.

शिंप्याची टेप घ्या. श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोट मोजा. बाईचं माप 80 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचाच्या आत हवं. पुरुषाचं 90 सेंटिमीटरच्या आत. वजनाचा हिशोबही सोपा आहे. उंची दीड मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट असेल, तर वजन 42 ते 52 किलोंच्या दरम्यान बरं.

बीपी म्हणजे काय? शेतातली ठिबकची नळी आठवा. मोटारीचा दाब रोज जास्त राहिला, तर नळी कुठेतरी कमकुवत होते आणि एक दिवस फाटते. रक्तवाहिन्यांचं तसंच. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे, सगळीकडे त्या नळ्या आहेत. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे राहिला, तर ते वाढलेलं बीपी. त्यात बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, चक्कर येत नाही. वहिनीला "बरं वाटत होतं" ते गोळीमुळे. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो.

मोजायच्या आधी पाच मिनिटं टेकून शांत बसा. अर्धा तास आधी चहा नको, मिश्री नको. पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, मधे बोलू नका. वय तिशीच्या पुढे गेलं की आपल्या उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. आशाताईला विचारा. गोळ्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गरोदरपणात जिचं बीपी वाढलं होतं, तिने तर बाळंतपणानंतरही दरवर्षी मोजायलाच हवं.

घरात काय करायचं? दिवसभराचं मीठ माणशी एक लहान चमचा, पाच ग्रॅम. पापड, लोणचं, ठेचा, फरसाण यांतलं मीठ त्यातच धरायचं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. मिश्री सोडायची, कारण तंबाखूने बीपी चढतं. विम्याच्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो, त्यात मिश्रीही आली. वजन जास्त असेल, तर एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. पाच किलोंचा फरक थोडा नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.

आता विम्याचं. आयुर्विम्याची पॉलिसी सुरू होऊन 3 वर्षं झाली, की कंपनीला चुकीच्या माहितीचं कारण काढून दावा नाकारता येत नाही. त्याआधी मात्र येतो. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ती 3 वर्षं नव्याने मोजतात. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची, जबाबदारीही तुमची. म्हणून सही करण्याआधी एकेक उत्तर मोठ्याने वाचून घ्या आणि फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा.

बीपी आहे म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 18 ते 50 वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा विमा मिळतो, त्याला डॉक्टरी तपासणी नाही. फक्त पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला, तर पैसे मिळत नाहीत. दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात आधीपासून आजार असला तरी नाव वगळत नाहीत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

पुढच्या बैठकीत एक करा. हप्त्याच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे आणखी तीन रकाने आखा: वजन, पोटाचं माप, बीपी. आशाताईला बोलवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. जिची गोळी चालू आहे, तिला दर बैठकीला एकच प्रश्न विचारा, "गोळी घेतलीस का?" माझ्या वहिनीला तो कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही.