सिग्नललाच बंद पडणारी व्हॅन
मी इंदूरला शाळेच्या मुलांची ने-आण करतो. माझी जुनी पेट्रोल व्हॅन रस्त्यावर छान पळायची. सिग्नलला थांबली की थरथरून बंद पडायची. मागे ट्रक, आत मुलं! प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, फरक शून्य. मग विचार केला, त्रास फक्त आयडलिंगलाच का? तेव्हा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन थोडीच हवा घेतं. अशा वेळी बारीक फटीतून शिरलेली जास्तीची हवाही मिश्रण बिघडवते. वेगात ती जाणवत नाही. सीट उचलून, इंजिन चालू ठेवून कान दिला. फुस्स! व्हॅक्यूमचा पाइप चिरला होता. चीर बोटाने दाबली, थरथर थांबली. मंडळी, पार्ट बदलण्याआधी गाडी नेमकी केव्हा बंद पडते, ते बघा.