आधी पाण्याची वाट, मग फरशी



कारखान्याचे उसाचे बिल हाती आले की आमच्या अकलूजच्या परिसरात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी घराच्या दुरुस्तीची. लग्नाविषयी सल्ला देणारी माणसे गावोगाव पुष्कळ आहेत. म्हणून मी आज घराविषयी, आणि घरातल्याही दोनच जागांविषयी बोलणार आहे. त्या म्हणजे सैपाकघर आणि न्हाणीघर.

तुम्ही म्हणाल, या दोनच का? त्याचे कारण असे की घराला पैसा लागतो तो बहुधा पुढल्या दारी. ओसरीला रंग होतो, फाटकाला नक्षी होते. ओसरीवर पाहुणा बसतो घटकाभर. घरातली बाई मात्र ज्या खोलीत रोजचे चार-पाच तास घालवते, ती खोली काळवंडलेली असते आणि तिथली मोरी तुंबलेली असते. म्हातारे माणूस घसरते ते न्हाणीत. बाळंतिणीला, माहेरी आलेल्या लेकीला आडोसा हवा असतो तोही तिथेच. सैपाकघर आणि न्हाणी सुधारणे ही हौस नव्हे. घरच्या माणसांची पाठ, छाती आणि अब्रू सांभाळण्याची ती गोष्ट आहे.

आता पैशाचे पाहू. पैसा थोडा असला म्हणजे तो कोठे आधी घालावा, हे कळले पाहिजे. माझे सांगणे एका वाक्यात असे: जे दिसत नाही त्यावर आधी खर्च करा, जे दिसते त्यावर शेवटी. आधी पाण्याची आणि धुराची वाट, मग फरशी. तुमच्यापैकी कोणी दुकानात जाऊन टाईल्सचा भाव काढून आणला असेल, तर तो कागद आठ दिवस खुंटीला अडकवून ठेवा. त्या आठ दिवसांत घरातून पाणी कोठे जाते ते पाहा.

आमचे गाव नीरेच्या काठी. नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याच्या पुष्कळ भागात पाणी आणले, ऊस आणला. पण ज्या काळ्या जमिनीत ऊस जोमाने येतो, तीच जमीन घराच्या पायाला आणि सांडपाण्याला अवघड जाते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मोरीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत राहिले, तर पाया वर्षातून कित्येकदा हलतो आणि भिंतीला तडा जातो. लोक म्हणतात, गवंड्याने काम वाईट केले. गवंडी बिचारा काय करील? पाणीच चुकीच्या जागी सोडलेले असते.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा हा चांगला उपाय आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. आपल्या माढा तालुक्यातली टेंभुर्णी नव्हे, ही दुसरी. त्या गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि डासांचा उपद्रव घालवला, म्हणून त्याचे नाव झाले. पण दुसऱ्याचे पाहून आपण खड्डा खोदला आणि तो आठ दिवसांत तुडुंब भरला, असेही होते. मग ऐकू येते, "गुरुजी, पाणी मुरंना!" काळ्या चिकण मातीत पाणी मुरणार कसे? म्हणून आधी परीक्षा घ्यावी. हातभर खोल खड्डा काढावा, दोन-तीनदा पाणी ओतून माती भिजू द्यावी, मग संध्याकाळी भरून ठेवावा. सकाळीही पाणी तसेच दिसले, तर त्या थरात शोषखड्डा करण्यात पैसा घालू नये. खाली मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खोदावे. मुरूमही फार खोल असेल, किंवा कालव्यामुळे जमिनीतले पाणीच वर आलेले असेल, तर पाणी परसात उताराने न्यावे आणि केळ, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यांत आलटून पालटून सोडावे. दोन्ही प्रकारांत पाण्याच्या वाटेवर जाळी आणि एक लहानशी कुंडी मात्र हवी. राख, खरकटे आणि तेलकटपणा कुंडीत अडकतो आणि ती आठवड्याला उपसता येते. ही कुंडी नसली की चांगला खड्डाही बुजतो.

पाण्याची वाट झाली, आता न्हाणी पाहू. न्हाणीच्या तळाला उतार किती असावा? चार फुटांना एक इंच. इतका उतार असला की पाणी थांबत नाही आणि पायही घसरत नाही. पाणी बाहेर जाते त्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारा सापळा बसवावा. दुकानात तो 'नहाणी ट्रॅप' म्हणून मागतात. त्यात दोन इंच पाणी कायम उभे राहते, म्हणून नळीतली दुर्गंधी आणि झुरळे आत येत नाहीत.

कोबा झाला की लगेच फरशी लावू देऊ नका. बाहेर जाणारे तोंड बोळ्याने बंद करून न्हाणीत दोन इंच पाणी चोवीस तास कोंडून ठेवा. बाहेरून भिंत ओलावली नाही, पाण्याची पातळी फारशी उतरली नाही, तरच पुढचे काम. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. ती टाळली तर पुढे गळती काढताना लावलेली फरशी फोडावी लागते.

फरशी म्हणाल तर आपल्याकडे शहाबादीसारखी सोय नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा दगड आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. न्हाणीत तो गुळगुळीत घासलेला घेऊ नये, थोडा खरबरीत घ्यावा. मात्र तो चुनखडीच्या जातीचा आहे. ॲसिडने धुतला तर खातो. राखेने किंवा साबणाने घासावा. भिंतीला चार फुटांपर्यंत टाईल्स पुरेत. वर सिमेंटचा घोटीव गिलावा चालतो. जुने घर पांढऱ्या मातीचे असेल, तर न्हाणी त्या भिंतीला चिकटवू नये. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा धरत नाही. ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चार हात सोडून विटांची वेगळी न्हाणी बांधावी, हे शेवटी स्वस्त पडते. म्हाताऱ्या माणसासाठी एक पक्की दांडी भिंतीत बसवावी आणि बसायला हातभर उंचीचा कट्टा करावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. बंद न्हाणीत पेटलेला बंब किंवा गॅसचा गीझर ठेवू नका. कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळीला गेलेला बाहेर येतच नाही. बंब अंगणात पेटवावा, गीझर बाहेरच्या भिंतीला लावावा, आणि न्हाणीला वर एक झरोका ठेवावा. विजेवर पाणी तापवीत असाल तर अर्थिंग पक्के करून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा खटका बसवा. टाईल्सच्या दोन ओळी कमी झाल्या तरी चालतील.

आता सैपाकघर. येथे पहिला प्रश्न धुराचा. माळवदाच्या घरात जुन्या लोकांनी वर साणे ठेवले होते ते उगीच नव्हे. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या सैपाकघरावर पुस्तिका काढली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांत गॅस पोचला. तरीही पाणी तापवायला आणि भाकरीला अनेक घरांत चूल पेटतेच. पेटू द्या, पण तिला धुराडे द्या, आणि ते छपराच्या वर दोन फूट काढा. गॅस असेल तर एक झरोका जमिनीलगतही ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर खाली साचतो आणि वरच्या खिडकीतून जात नाही.

दुसरा प्रश्न ओट्याचा. ओटा किती उंच? हे गवंड्याला विचारू नका, सैपाक करणारीला उभे करून पाहा. तिच्या कोपराच्या खाली तीन-चार इंच, ही ओट्याची उंची. भाकरी थापताना हातावर भार येतो, तेव्हा तेवढी जागा आणखी थोडी खाली हवी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजची, म्हणून हे महत्त्वाचे. ज्या घरात आजी खाली बसून भाकरी करतात, तेथे जुनी बैठी चूल मोडू नये. सोय माणसाची पाहावी, चित्राची नव्हे.

जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात कामगारांच्या घरांसाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी एक लहान सैपाकघर आखले. रुंदी सव्वासहा फूट, लांबी अकरा फूट. आगगाडीतल्या सैपाकघराचा त्यांनी अभ्यास केला आणि बाईची पावले वाचतील अशी मांडणी केली. ही युक्ती आपल्याला फुकट आहे. पाणी, शेगडी आणि धान्याचे डबे या तिघांत रोज किती पावले पडतात ती मोजा. नुसती मांडामांड बदलूनही पुष्कळ पावले वाचतील.

संडासाविषयी थोडक्यात सांगतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूला १९५९ पासून डॉ. सुहास मापुसकरांनी या कामी आयुष्य वेचले. मैल्याचे खत होते, हे त्यांनी करून दाखवले. नवीन काम करीत असाल तर दोन खड्ड्यांचा संडास करा. एक भरला की तो बंद ठेवून दुसरा वापरायचा. दोन वर्षांनी पहिल्यात निर्वेध खत मिळते. खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. न्हाणीचे पाणी मात्र त्यात सोडू नये. तसे केले तर खड्डा लवकर भरतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. उतार, पातळी आणि मुरणे हे तिन्ही धडे शाळेच्या अंगणात घेता येतात. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी मुलांना पाहू द्या. शाळेच्या आवारात मघाशी सांगितलेला हातभर खड्डा खोदून घ्या. गवंड्याने उतार दिला की नाही, हे सातवीतली मुलगी घरी नळी लावून सांगू लागली, की त्या घरात मोरी तुंबणार नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा. पहिल्या वर्षी सांडपाणी, उतार आणि धुराडे. दुसऱ्या वर्षी ओटा, नळ, विजेचे काम आणि आडोशाचे पक्के दार. तिसऱ्या वर्षी फरशी आणि रंग. शंभर रुपये असले तर निदान पन्नास न दिसणाऱ्या कामात जाऊ द्या. अकलूजला २०२१ साली नगरपरिषद झाली, अनेक खेड्यांत नळ आले. पाणी घरात येण्याची सोय आता वाढते आहे. आलेले पाणी बाहेर कसे जावे, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे.

खुंटीवरचा तो टाईल्सचा कागद तिसऱ्या वर्षी जरूर काढा.