राखणीची विहीर

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



 आम्ही चौथी शिकलेलो शेतकरी माणूस. दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला म्हणून आज्ञा झाली. पण चैत्र जवळ आलाय, म्हणून आम्ही पाण्यावर बोलणार आहोत. रागावू नका.

आपल्या शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ साली झालं. पुढं मोडकसागर झालं, भातसा झालं. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या भातसाचा. तिकडं मुरबाडच्या अंगाला बारवी आहे. आणि आपल्या कसारा, डोळखांब भागातल्या वाड्यापाड्यांना उन्हाळ्यात टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आता पोरांनाही पाठ आहे. पाऊस तर शंभर इंचांच्या घरात पडतो. पण खाली काळा कातळ. भेगा असतील तेवढंच पाणी मुरतं, बाकीचं उतारानं वाहून जातं. होळी झाली की विहिरी तळाला लागतात.

टँकर येतो ते बाहेरचं पाणी. ते आलं तर आलं. गाडी बंद पडली, रस्ता खचला, जिथं भरतात तिथली वीज गेली, की वाडी उपाशी नाही, तहानलेली राहते. त्या दिवसासाठी आपल्या जमिनीतलं थोडं पाणी राखून ठेवलंय का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता आमचीच चूक सांगतो. काही वर्षांमागं आमच्या वाडीला एक दिवसाआड टँकर होता. चैत्रात तो चार दिवस आलाच नाही. आम्ही त्या वेळी शेजारच्या गावी सप्ताहात कीर्तनाला उभे. नाथमहाराजांचा दृष्टांत लावला होता. काशीहून रामेश्वराला नेलेली कावड, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आमच्याही आलं. कीर्तन संपल्यावर आमच्याच वाडीतली एक म्हातारी पाया पडायला आली. आम्ही म्हटलं, "आजी, कशी आहेस?" ती म्हणाली, "बुवा, नाथांनी गाढवाला पाजलं. तुमच्या हिरीचं पाणी भेंडीनं पिलं."

खरं होतं माउली. आमची विहीर बारमाही नाही, पण वैशाखापर्यंत तग धरणारी. त्या साली भेंडीला भाव होता, आम्ही रोज पंप चालवला. टँकर चुकला तेव्हा विहिरीत चिखल होता. वाडीतल्या बायका रात्री बॅटऱ्या घेऊन दीड कोस गेल्या. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

मग विचार केला. आपली दिंडी निघायच्या आधी महिनाभर बैठक बसते. माणसं किती, मुक्काम कुठं, पाण्याचा टँकर कोण भरणार, सगळं ठरतं. वाटेवर आयत्या वेळी कोणी धावत नाही. मग गावच्या तहानेसाठी अशी बैठक का नको? आम्ही ती सुरू केली, ती अशी.

कार्तिकी करून आलो की गावातल्या सगळ्या विहिरी दोरी सोडून मोजायच्या. कोणती आधी आटते, कोणती शेवटी, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं. उपसल्यावर पाणी किती तासांत परत चढतं तेही बघायचं. दिवाळीच्या सुमारास ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घातला तर शेजारच्या विहिरीला तेवढाच पाझर मिळतो.

मग हिशेब. बारा फूट रुंदीच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ३,२०० लिटर. टँकरचा सरकारी हिशेब माणशी रोज २० लिटरचा. ३०० माणसांच्या वाडीला दिवसाला ६,००० लिटर लागतात. तळाचं दोन फूट गाळाला सोडून वर दहा फूट पाणी राखलं, तर वाडी पाच दिवस तगते. वर पाझर येईल तो देवाचा प्रसाद. गुरांचा हिशेब वेगळा धरायचा.

अशी एक विहीर ठरवायची, तिला आम्ही राखणीची विहीर म्हणतो. होळीपासून तिला पंप नाही, तिच्यावर कपडे नाहीत, गुरं नाहीत. टँकरचं पाणी तिच्यात ओतायचं नाही, वेगळ्या टाकीत घ्यायचं. टँकर चुकला की जलसुरक्षकाकडून टीसीएल पावडर टाकून घ्यायची आणि माणसं मोजून हंडे द्यायचे. आजारी, बाळंतीण, एकटी म्हातारी यांचा हंडा पहिला.

विहीर खाजगी असली तरी अडचण नाही. सरकारचा टंचाई आराखडा ऑक्टोबरापासून जूनपर्यंतचा असतो. त्यात खाजगी विहीर अधिग्रहण करता येते आणि मालकाला मोबदला मिळतो. गाळ काढणं, विंधण विहिरीची दुरुस्ती, हेही त्यात बसतं. पण ग्रामसभेचा ठराव दिवाळीतच पंचायत समितीत गेला पाहिजे. घसा कोरडा पडल्यावर अर्ज केला तर कागद हलेपर्यंत मृग येतो.

आम्ही भेंडी निम्मी केली. चार पैसे कमी आले, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर दोनदा टँकर चुकला, तेव्हा वाडीच्या हंड्यात पाणी होतं. ती आजी आता नाही. पहिला हंडा तिच्याच हातानं भरला होता.

धरणाच्या पाण्यावरचा आपला हक्क सोडू नका, तो मागत राहा. नळ येईल तेव्हा येईल. तोवर विहिरीची राखण विण्यासारखी करा. वीणा आपण खाली ठेवत नाही. एक दमला की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. तशी ही राखण या हातातून त्या हातात जाऊ द्या, म्हणजे पुढची शंभर वर्षं दिंडीही चालेल आणि वाडीही राहील.

पंढरीनाथ महाराज की जय!