विकत घेतलेलं पुस्तक कुणाचं?

रद्दीच्या दुकानातून वीस रुपयांना घेतलेली कादंबरी आपली असते. वाचावी, मैत्रिणीला द्यावी, पुन्हा विकावी. छापील प्रत एकदा विकली, की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा हक्क संपतो. नकला काढण्याचा हक्क तेवढा लेखक-प्रकाशकांकडे राहतो.

डिजिटल पुस्तकाचं तसं नाही. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं अचानक नाहीशी झाली. विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते, म्हणून अॅमेझॉननं ती दुरूनच पुसली आणि पैसे परत केले. त्यातलं एक होतं ‘१९८४’. नकोसे कागद भट्टीत टाकणाऱ्या सरकारची गोष्ट! एका विद्यार्थ्यानं त्यावर काढलेली टिपणं निरुपयोगी झाली, तो कोर्टात गेला. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. बेकायदा माल परत घेतला, त्यात काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेतो का?

मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा तर रीतसर घेतलेली पुस्तकंही गेली. पैसे मिळाले, पुस्तक नाही. कारण आपण घेतो तो वाचण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे.

आपण मात्र बारीक अक्षरातल्या अटी वाचाव्यात. विशेषतः हा संग्रह आपल्यामागे मुलांना मिळेल का, ते पाहावं. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच सापडेल.