सगळ्यात मागच्याच्या वेगानं



आयोजकांनी मला धावण्याबद्दल बोलायला सांगितलंय. आधीच सांगतो, मी काही मोठा धावपटू नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण करायला मला तीन तास लागतात. जिंकणारे तोवर घरी जाऊन आंघोळ करून चहा पीत असतात.

इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली आणि माझी नमाज हळूहळू सुटली. नास्तिक वगैरे झालो नव्हतो. जुम्म्याच्या वेळेला मीटिंग असायची, एवढंच. पण भाड्यानं घर बघायला गेलो आणि नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेलेला' असायचा. म्हणजे मी मुसलमान आहे याची आठवण मला दुसरेच करून देत होते. माझ्याकडून त्यात काहीच नव्हतं.

मग साखर वाढली, डॉक्टरांनी दम भरला आणि मी वेताळ टेकडीवर पळणाऱ्या एका ग्रुपमध्ये जाऊन उभा राहिलो. मुद्दाम सगळ्यांच्या पुढे पळालो. वीस मिनिटांत कठड्यावर बसलो.

तिथल्या एका काकूंनी, साठीच्या असतील, मला पहिला नियम सांगितला. लांब पल्ल्याची तयारी हळू पळून होते. किती हळू, तर पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. अशा संथ पळण्यातच स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं. हे शास्त्र झालं. पण त्यातून दुसरंही काही घडतं. रविवारी दोन-अडीच तास तुम्ही कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून पळता आणि बोलत राहता. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी पळताना बोलवतं. 'फ्लॅट कालच गेला' ही गोष्ट मी पहिल्यांदा तिथंच सांगितली. शेजारी पळणारा बँकेतला मित्र बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या सोसायटीतही असंच करतात. मी कधी बोललो नाही." पुढच्या मीटिंगला तो बोलला. ठराव काही झाला नाही, पण तो बोलला.

दुसरा नियम असा की शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी टेकडी उतरायची नाही. ग्रुपमधला सगळ्यात दमदार माणूस सगळ्यात मागच्याबरोबर पळतो. हे बघताना मला लहानपणी मौलानांकडून ऐकलेली हदीस आठवली. हजरत मुआज यांनी इशाच्या नमाजीत सूरह बकरा सुरू केली. दिवसभर उंटांवर पाणी वाहून दमलेला एक माणूस जमात सोडून गेला. तक्रार पैगंबरांकडे गेली, आणि ते रागावले ते त्या दमलेल्या माणसावर नाही, मुआज यांच्यावर. मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाची माणसं असतात, त्यांचा विचार इमामानं करायचा. ही गोष्ट मला पाठ होती. तिचा अर्थ टेकडीवर कळला. त्या आठवड्यात मी बऱ्याच वर्षांनी फजर पढली, कारण त्या वेळी जागा तर असायचोच!

आता माझ्या दोन चुका सांगतो.

पहिली रमजानमधली. २०२४ चा रमजान मार्च-एप्रिलच्या उन्हात आला होता. ग्रुपमध्ये दाखवायचं होतं की आम्ही रोजा ठेवून अठरा किलोमीटरही पळतो. अकराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली. काकूंनी झाडाखाली आडवं केलं आणि झापलं, "देवासाठी उपाशी आहेस की आमच्यासाठी?" उत्तर नव्हतं. आजाऱ्याला, प्रवाशाला कुरआननं सवलत दिलीय, आणि मी धडधाकट असून स्वतःला आजारी पाडत होतो. पुढच्या रविवारपासून ग्रुपनं वेळच बदलली. संध्याकाळी, सावकाश, पाच किलोमीटर. मगरिबला खजूर आणि कुणीतरी आणलेली साबुदाण्याची खिचडी. खिचडीनं इफ्तार मी आधी कधी केलेला नव्हता.

दुसरी चूक मोठी आहे. माझ्या धाकट्या बहिणीनं विचारलं, "भाईजान, मी येऊ?" मी, सगळ्यांना बरोबर घेण्यावर एवढं बोलणारा, म्हणालो, "बघू." बघू म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. मोहल्ल्यातले काय म्हणतील, कपडे कुठले घालणार, ओढणीचं काय. दोन महिने मी बघत राहिलो. शेवटी तिनंच अब्बांना गाठलं. प्रवासात पैगंबरांनी हजरत आयेशांबरोबर शर्यत लावली होती, ती हदीस तिनं त्यांना सांगितली. अब्बांनी चष्मा काढून विचारलं, "कोण जिंकलं?"

ती म्हणाली, "पहिल्यांदा त्या. नंतरच्या शर्यतीत पैगंबर."

अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, "मग हिला घेऊन जा. आणि हरायची तयारी ठेव."

आता ती पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि घट्ट बांधलेला स्कार्फ घालून पळते. यवतेश्वरच्या घाटात तिनं मला चौथ्या किलोमीटरलाच मागे टाकलं. कासच्या रस्त्यावरून परत फिरताना ती समोरून येताना दिसली, हात हलवून गेली. शर्यत संपल्यावर मी पोचेपर्यंत ती थांबली होती, हातात माझी पाण्याची बाटली घेऊन.

मशिदीत मात्र आम्ही दोघं अजून एका सफमध्ये तर सोडाच, एका इमारतीतही नमाज पढू शकत नाही, कारण आमच्या मशिदीत बायकांसाठी जागाच नाही. विश्वस्तांना मी अर्ज दिलाय. उत्तर आलंय, "बघू."

दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी असतो. पाणी आणा. बूट नवे नसले तरी चालतील.