ज्ञानदान : विनामूल्य आणि मुक्त



दुकानातील कापडाचे थान एकास विकले की तेच दुसऱ्यास विकता येत नाही. दान केले तरी कपाटातील जागा रिकामी होतेच. ज्ञानाचा व्यवहार निराळा आहे. गुरूने शंभर शिष्यांना गणित शिकविले म्हणून गुरूचे गणित उणे होत नाही. शिकविता शिकविता ते अधिकच पक्के होते. असे असूनही ज्ञानाला कुलूप घालण्याची प्रवृत्ती फार जुनी आहे. त्या कुलपाला नकार देणारा एक विचार गेल्या चार दशकांत संगणकाच्या क्षेत्रात रुजला आणि तेथून शिक्षणात पोहोचला. ‘ओपन सोर्स’ अर्थात ‘मुक्त स्रोत’ या नावाने तो ओळखला जातो.

अमेरिकेतील ‘एमआयटी’ या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे संगणकतज्ज्ञ काम करीत असत. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी स्वतः सुधारणा केली होती. परंतु नव्या यंत्राची मूळ आज्ञावली त्यांना मिळाली नाही. ज्या संशोधकाजवळ ती होती, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती देण्यास नकार दिला. दुरुस्ती करणारा जाणकार समोर उभा असताना दोष तसाच राहिला! या अनुभवाने अस्वस्थ झालेल्या स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली.

त्यांच्या विचाराचा गाभा चार स्वातंत्र्यांत आहे : आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, तिचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटण्याचे. १९८९ साली त्यांनी सिद्ध केलेल्या परवान्यात एक अट होती. ज्याने मुक्त वस्तू घेऊन तीत भर घातली आणि ती इतरांना दिली, त्याने तीही तितकीच मुक्त ठेवावी. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची निर्मिती आरंभिली आणि पुढच्याच वर्षी ती याच परवान्याखाली खुली केली. देशोदेशींच्या जाणकारांनी तिला हातभार लावला. आज अँड्रॉइड फोनच्या अंतरंगात तीच लिनक्स काम करीत आहे.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ मिसळतात; मराठीने मात्र ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द जपले आहेत. फुकट मिळालेले पुस्तक वाचता येते. परंतु त्याची नक्कल काढण्याची, चूक सुधारण्याची वा अनुवाद करण्याची परवानगी त्यासोबत येतेच असे नाही. मुक्त पुस्तकासोबत ती परवानगीही येते.

शिक्षणक्षेत्राने हा भेद लवकरच ओळखला. ज्या एमआयटीत ही ठिणगी पडली, त्याच संस्थेने २००१ साली आपले अभ्याससाहित्य महाजालावर सर्वांसाठी खुले करण्याचा संकल्प जाहीर केला. २००२ साली ५० अभ्यासक्रमांनी आरंभ झाला आणि २००७ पर्यंत ती संख्या सुमारे १,८०० झाली. पदवी हवी असणाऱ्यास प्रवेश घ्यावाच लागतो. टिपणे, प्रश्नपत्रिका आणि व्याख्याने मात्र साऱ्या जगाची झाली. मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, व्यापार करू नये आणि नवी आवृत्तीही तशीच खुली ठेवावी, एवढ्याच अटी. अनुवादाची मोकळीक असल्यामुळे हे साहित्य चिनी, स्पॅनिश अशा भाषांत उतरले. भारतात केरळच्या शाळांनी संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणालींचा अंगीकार केला, तर २०१३ साली ‘एनसीईआरटी’च्या पुढाकाराने मुक्त शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले.

या विचाराची साक्ष समाजाच्या इतिहासातही आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ या टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीत श्रद्धेने जपली गेली. त्या जपणुकीचे ऋण मोठेच आहे. परंतु यात्रेकरूंना घडे ते केवळ दर्शन, वाचन नव्हे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला आणि कालांतराने सोळा खंड पूर्ण झाले. नकलांवरून नकला झालेल्या असल्यामुळे पाठांत चुका शिरल्या होत्या. ग्रंथ विद्वानांच्या हाती आल्यावर त्या नजरेस आल्या आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याचे कामही झाले. पेटीत ग्रंथ सुरक्षित राहिला. शुद्ध होऊ लागला तो मात्र पेटी उघडल्यावर.

सर्व काही मुक्त केले तर लेखकाने जगावे कशावर, हा प्रश्न रास्त आहे. पूर्वी ग्रंथाची नक्कल करणाऱ्या लेखनिकास श्रमाचे मोल मिळे. तोच न्याय आजही लावता येतो. लेखक, अनुवादक आणि चित्रकार यांना निर्मितीच्या वेळी योग्य मानधन द्यावे. पुढे प्रत्येक प्रतीमागे अडवणूक नसावी. जो लेखक विक्रीवर उपजीविका करतो, त्याचा हक्क अबाधित राहावा. दुसरी शंका अशी, की कोणीही बदल करू लागला तर मजकूर बिघडेल. त्यासाठी मूळ आवृत्ती संस्थेच्या नावे जशीच्या तशी उपलब्ध असावी आणि बदल करणाऱ्याने आपले नाव व आपला बदल स्पष्ट नोंदवावा. हिशेबाच्या वहीत खाडाखोड न करता दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, तसेच हे आहे.

दात्यांच्या देणगीतून छापलेल्या पाठशाळेच्या पुस्तकांवरही अनेकदा ‘सर्व हक्क स्वाधीन’ अशी ओळ सवयीने छापली जाते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. आवृत्ती संपते, प्रकाशक संस्था बंद पडते, वारसांचा पत्ता लागत नाही आणि दात्याने सर्वांसाठी दिलेले पुस्तक कोणालाच पुन्हा छापता येत नाही. दान झाले, परंतु त्याचा प्रवाह खुंटला.

उपाय खर्चाचा नाही. लेखकाची लेखी संमती घ्यावी आणि त्या ओळीच्या जागी दुसरी ओळ छापावी : ‘मूळ लेखक व संस्थेचा उल्लेख करून हे पुस्तक कोणीही छापावे, अनुवादित करावे, सुधारावे, नवी आवृत्तीही अशीच मुक्त ठेवावी.’ सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक धर्मादाय संस्थेने आपल्या जुन्या प्रकाशनांची यादी करावी, हयात लेखकांकडून संमती मिळवावी आणि निदान एका पुस्तकापासून आरंभ करावा. पन्नास वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडेल की नाही, हे त्या एका ओळीवर अवलंबून आहे.