सोडत, नोंदी आणि तुलना

करविवरणे, बँकव्यवहार, मोबाइलचे संकेत अशा रोजच्या कारभारातून आपोआप साठत जाणाऱ्या कोट्यवधी नोंदी, ज्यांना बिग डेटा म्हटले जाते, त्या आज अर्थशास्त्राच्या हाती आल्या आहेत. मात्र प्रश्नाचे उत्तर मिळते ते योग्य तुलनेतून, आणि आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांच्या अंगी सर्वांत आधी बाणायला हवी ती हीच तुलनेची शिस्त.

गरीब वस्तीत वाढल्याने मुलाची भावी मिळकत खुंटते काय, हे श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतील मुले ताडून कळत नाही, कारण त्यांच्या आईवडिलांचे शिक्षण आणि ऐपतही वेगळी असते, आणि वस्तीचा परिणाम किती व घराचा किती, हे त्यातून सुटे होत नाही. म्हणून अमेरिकी सरकारने १९९४ ते १९९८ या काळात बोस्टन, शिकागो, न्यूयॉर्क यांसह पाच शहरांतील सरकारी गृहवसाहतींमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांत सोडत काढली आणि तीत निवडलेल्या काहींना केवळ कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असे घरभाडे-साहाय्य देऊ केले. निवड सोडतीने झाल्यामुळे साहाय्य मिळालेले आणि न मिळालेले हे गट मुळात सारखे होते, त्यामुळे पुढे दिसलेला फरक साहाय्याच्या पदरात टाकता येत होता. प्रौढांची मिळकत वाढली नाही, आणि कित्येक वर्षे प्रयोगाची ही बाजू फसली असेच मानले गेले. परंतु राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी तीच कुटुंबे करविवरणांशी जोडून पाहिली, तेव्हा तेरा वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची पंचविशीतली मिळकत सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसले. त्याहून मोठ्या मुलांना मात्र असा लाभ झाला नव्हता. वस्तीचा गुण वर्षानुवर्षांच्या सहवासाने लागतो, हे मुले मोठी होईपर्यंत थांबल्याखेरीज कळणे शक्यच नव्हते.

भारतात शेती-उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि कर भरणारेही थोडे, त्यामुळे येथील दारिद्र्याचा शोध करविवरणांतून लागत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई २,२५० उष्मांकांचा निकष लावून दारिद्र्य मोजले, ते राष्ट्रीय नमुना पाहणीने घरोघर विचारून जमवलेल्या खर्चाच्या आकड्यांवरून.

ते विचारणे आजही टळलेले नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरले जातात, उचल मुकादमाकडून बहुधा नवऱ्याच्या नावे दिली जाते, आणि हंगामात गावच्या घराला कुलूप असते. त्यामुळे त्या बाईच्या मजुरीचा वेगळा आकडा हवा असेल, तर पाहणी करणाऱ्याला थेट उसाच्या फडावर जाऊन तिलाच विचारावे लागते.